सेल्फ मारला की संगणक बंद: रावेरकडच्या एका पिकअपमधल्या वीजपुरवठ्याचं प्रकरण

गाडी रावेर तालुक्यातल्या एका केळी व्यापाऱ्याची, डिझेल पिकअप. कापणी चालू असलेल्या मळ्यात ती जाते, इलेक्ट्रॉनिक काट्यावर घडांचं वजन होतं, आकडे केबलने संगणकात येतात आणि शेतकऱ्याला जागेवर पावती मिळते. त्यासाठी सीटच्या मागे १९ व्होल्टवर चालणारा मिनी पीसी, डॅशबोर्डवर १० इंची टच स्क्रीन आणि एक ४जी राउटर बसवलेला होता. पावतीचा प्रिंटर स्वतःच्या बॅटरीवर चालणारा, त्यामुळे त्याचा या प्रकरणाशी संबंध नाही.

तक्रारी तीन होत्या. पहिली ड्रायव्हरच्याच शब्दांत: "सेल्फ मारला का मशीन बंद पडी जातं भो." (सेल्फ म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर.) दुसरी, एप्रिलच्या दुपारी चालता चालता संगणक आपोआप बंद होतो आणि दहा-पंधरा मिनिटं काही केलं तरी चालू होत नाही. तिसरी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) गाडी तीन दिवस उभी राहिली आणि चौथ्या दिवशी धक्का मारून चालू करावी लागली. आमच्याकडे गाडी येण्याआधी नवी ७५ अँपिअर-अवरची बॅटरी टाकून झाली होती, कन्व्हर्टर दोनदा बदलून झाला होता आणि मिनी पीसीही खराब ठरवण्याच्या बेतात होता. तिन्ही तक्रारींची मुळं वेगवेगळी निघाली. बॅटरी आणि पीसी दोन्ही चांगले होते.

आधी मूळ जोडणी कशी होती ते पाहू. मिनी पीसीला वीज लाइटर सॉकेटमधून येत होती: सॉकेटमध्ये प्लग, पुढे १२ चे १९ व्होल्ट करणारा उघड्या पाटीचा (डबीशिवाय नुसत्या सर्किट बोर्डाचा) बूस्ट कन्व्हर्टर, तिथून पीसी. स्क्रीन आणि राउटर मात्र थेट बॅटरीवर होते. कधीकाळी स्पॉटलाइटसाठी ओढलेली एक चौरस मिलिमीटरची वायर पडून होती, तीच काचेच्या फ्यूजमधून वापरलेली. ऋण बाजू सगळ्यांचीच सीटखालच्या बोल्टवर, बॉडीला.

सेल्फच्या क्षणी नेमकं काय होतं

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीच्या पोलवर १२.६ व्होल्ट मिळाले. रात्री गाडी चालवून आणल्या आणल्या मोजलं तर वरवरचा चार्ज आकडा फुगवतो, म्हणून सकाळीच मोजायचं, नाहीतर दोन मिनिटं हेडलाइट लावून, बंद करून मग मोजायचं. इंजिन चालू असताना १४.२. म्हणजे बॅटरी भरलेली आणि डायनेमो ठीक. बरेच जण इथेच मीटर गुंडाळतात.

पण संगणक बंद पडतो तो सेल्फ फिरतानाच्या सेकंद-दीड सेकंदात, तेव्हा मोजायचं ते त्याच वेळी. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीन वेळाच आकडा बदलतो. सेल्फचा पहिला झटका त्यातून निसटून जातो. कमीत कमी आकडा धरून ठेवणारा मिन-मॅक्सचा मीटर हवा, छोटा हातातला ऑसिलोस्कोप असेल तर उत्तमच. आणि मोजायचं बॅटरीवर नाही, कन्व्हर्टरच्या इनपुटवर. ठिबकचा दाब मोटारीशी बघून चालत नाही, शेवटच्या ड्रिपरला बघावा लागतो, तसंच.

चावी फिरवली, सेल्फ लागला, आणि कन्व्हर्टरच्या इनपुटवर आकडा आला शून्य. सात नाही, आठ नाही, सरळ शून्य, चावी सोडेपर्यंत. बॅटरी कमजोर असती तर व्होल्टेज खाली आलं असतं, गायब झालं नसतं. बहुतेक गाड्यांत चावी स्टार्टवर गेली की ॲक्सेसरीची लाइन मुद्दाम तोडलेली असते, म्हणजे रेडिओ-बिडिओचा भार सेल्फच्या वेळी राहत नाही. लाइटर सॉकेट त्याच लाइनवर. अशा गाडीत लाइटरवरचा संगणक सेल्फला बंद पडणारच. बॅटरी कितीही नवी टाका. चावी काढली की त्याची वीज तशीच खटकन जात होती, आणि पावत्यांची फाइल मधूनमधून उघडत नसे ती याच कारणाने.

पीसी तात्पुरता त्या स्पॉटलाइटच्या वायरवर, म्हणजे थेट बॅटरीवर घेतला. गरम इंजिनला आता तो टिकला. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनला पुन्हा बंद. या वेळचे आकडे असे: बॅटरीच्या पोलवर किमान ९.४ व्होल्ट, कन्व्हर्टरच्या इनपुटवर ७.४. पोलवर ९.४ म्हणजे डिझेल इंजिनाच्या सेल्फला काही वावगं नाही. बॅटरीपासून सीटपर्यंतच्या प्रवासात मात्र दोन व्होल्ट हरवत होते.

हरवलेलं व्होल्टेज शोधायला वायर उघडून बघायची गरज नसते. मीटरची एक पिन बॅटरीच्या धन पोलवर आणि दुसरी कन्व्हर्टरच्या धन टर्मिनलवर. लोड चालू असताना मीटर जे दाखवेल तेवढं धन बाजूला वाटेत गेलं. मग दुसरी पिन बॅटरीच्या दिशेने एकेक जोड मागे सरकवत आणायची. ज्या जोडाशी आकडा एकदम उतरतो तिथे दुखणं. ऋण बाजूलाही असंच. पिन शिशाच्या पोलवर टेकवायची, क्लॅम्पवर नाही, नाहीतर पोल आणि क्लॅम्पमधला पांढऱ्या बुरशीचा थर मोजण्यातून सुटतो.

सेल्फच्या वेळी संगणक साधारण ५ अँपिअर ओढत होता. ३.५ मीटर वायरवर ०.३ व्होल्ट. हे हिशोबातही बसतं: तांब्याचा रोध एक चौरस मिलिमीटरला मीटरमागे ०.०१७५ ओहम, साडेतीन मीटरला ०.०६, गुणिले ५. काचेच्या फ्यूजच्या होल्डरमध्ये ०.४५ व्होल्ट. एवढ्याशा डबीत सव्वादोन वॉट जळत होते. प्लॅस्टिक एका बाजूला पिवळं पडून मऊ झालं होतं आणि आतली स्प्रिंग काळी. फ्यूज उडत नव्हता म्हणून तिकडे कुणी बघितलंच नव्हतं.

उरलेले १.२ व्होल्ट ऋण बाजूला, आणि मौज म्हणजे ते फक्त सेल्फ फिरतानाच. एरवी तिथे ०.१५. संगणकाच्या पाच अँपिअरने एवढा फरक पडत नाही, म्हणजे बॉडीतून दुसराच कुणाचा तरी करंट जात होता. तो सेल्फचा. बॅटरीचा ऋण पोल दोन ठिकाणी जातो: जाड पट्टीने इंजिनला आणि त्याहून बारीक वायरने बॉडीला. इंजिनाकडच्या बोल्टखाली काळ्या मातीचा थर बसून गंज चढला होता. सेल्फच्या शेकडो अँपिअरपैकी बराच भाग इंजिनाच्या इतर जोडांतून बॉडीत आणि तिथून बारीक वायरने बॅटरीत परतत होता. त्या बारीक वायरवर १.२ व्होल्ट पडले की अख्खी बॉडी तेवढी वर उचलली जाते आणि बॉडीवर अर्थ (म्हणजे ऋण जोड) घेतलेल्या संगणकाला तेवढं कमी मिळतं.

याचा एक पुरावा आधीपासून समोर होता. कधीकधी सेल्फच्या क्षणी काट्याची यूएसबी-सिरियल केबल संगणकातून गायब होई आणि काढून घातल्यावरच परत दिसे. काट्याचा चार्जर लाइटरमध्ये, त्याचा अर्थ डॅशबोर्डमागे. संगणकाचा अर्थ सीटखाली. दोन अर्थांत व्होल्टेजचा फरक पडला की करंट सापडेल त्या वाटेने जातो, इथे केबलच्या जाळीतून. गाडीतला संगणक बंद न पडता नुसती यूएसबी उपकरणं गळत असतील तर ड्रायव्हर सॉफ्टवेअर पुन्हापुन्हा टाकण्याआधी अर्थ तपासावा.

पट्टीचे दोन्ही बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईतो घासला, दातेरी वॉशर टाकून आवळला आणि वरून ग्रीस लावलं. आधी घासायचं, आवळायचं आणि मग ग्रीस. उलटं केलं तर ग्रीसचाच थर मध्ये अडतो. ऋण बाजूचा आकडा १.२ वरून ०.१ वर आला. सेल्फही जोरात फिरू लागला. पोलवरचा किमान आकडा मात्र ९.३ झाला, आधीपेक्षा किंचित कमी. यात घाबरण्यासारखं काही नाही: सेल्फला आता पूर्ण करंट मिळतोय, म्हणून बॅटरी जरा जास्त दबते आणि इंजिन लवकर पकडतं.

कन्व्हर्टर तरीही बदलावाच लागला

वायरिंग कितीही चोख केलं तरी सेल्फला ९ व्होल्टच उरणार, आणि जुना बूस्ट कन्व्हर्टर १० व्होल्टच्या खाली मान टाकणारा. कोणताही कन्व्हर्टर घेताना त्याच्यावर किती वॉट लिहिलंय यापेक्षा इनपुट किती व्होल्टपर्यंत खाली चालतं ते आधी बघावं. गाडीसाठी ६ ते ३० व्होल्ट इनपुटचा बक-बूस्ट प्रकार घ्यावा, म्हणजे गरजेप्रमाणे व्होल्टेज उतरवणारा किंवा चढवणारा.

स्वस्त बूस्ट पाटीत आणखी एक खोट आहे. इनपुटचं व्होल्टेज आउटपुटपेक्षा वर गेलं की ते कॉइल आणि डायोडमधून सरळ पुढे जातं; मध्ये अडवणारं काही नाही. १२ चे १९ करताना असं कधी होईल असं वाटत नाही. पण इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल सैल होऊन निसटलं तर डायनेमोचा सगळा जोर लाइनवर येतो. डायनेमोत संरक्षण असेल तर व्होल्टेज ३५ च्या आसपास थांबतं, नसेल तर क्षणभर शंभरच्या घरात जाऊ शकतं. म्हणून डायनेमो तपासण्यासाठी चालू इंजिनावर टर्मिनल काढून बघायची जी पद्धत अजूनही सर्रास दिसते, ती संगणक बसवलेल्या गाडीवर अजिबात करू देऊ नये. महामार्गावर ट्रकच्या २४ व्होल्टच्या बॅटरीवरून स्टार्ट घेणंही तसंच; घ्यायचाच झाला तर ट्रकच्या दोनपैकी एकाच बॅटरीवरून, आणि आपल्या संगणकाचा फ्यूज आधी काढून.

नवा कन्व्हर्टर १२० वॉटचा, इग्निशनची वेगळी संवेदन-वायर (चावी चालू आहे की बंद हे कन्व्हर्टरला कळवणारी) असलेला. मोजलेला लोड चालताना ३६ वॉट, संगणक सुरू होताना ६२ वॉट. कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर बॅटरीकडून ४१ आणि ७० वॉट. कन्व्हर्टर वॉट पक्के धरतो, म्हणून व्होल्टेज उतरलं की करंट वाढतो: ७० वॉटला १२ व्होल्टवर ५.८ अँपिअर, ९ व्होल्टवर ७.८. बारीक वायरीत हे चक्र स्वतःला वाढवत नेतं: व्होल्टेज पडलं की करंट वाढतो, करंट वाढला की आणखी व्होल्टेज पडतं. स्क्रीन आणि राउटरला १२ व्होल्ट पक्के देणारा दुसरा छोटा ३ अँपिअरचा कन्व्हर्टर याच लाइनवर, इग्निशनबरोबर बंद होणारा. आधी ते थेट डायनेमोच्या १४.२ वर होते.

वायर ४ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची ऑटो केबल, धन आणि ऋण दोन्ही. धन वायरवर बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ अँपिअरचा पातीचा फ्यूज, झाकणवाल्या होल्डरमध्ये. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. केबिनमध्ये लावला तर बोनेटखालची सगळी वायर उघड्यावर राहते. पत्र्यातून वायर जिथे आत शिरते तिथे रबरी ग्रोमेट हवंच. मळ्यातल्या चाकोऱ्यांत पत्र्याची धार इन्सुलेशन कापायला हंगामभरही घेत नाही. वायरींच्या टोकांचे लग दाबून क्रिंप केले, शिसं (सोल्डर) लावलं नाही. शिसं तारांत वर चढून तेवढा भाग कडक करतं आणि हादऱ्याने वायर नेमकी त्या कडेला तुटते. ऋण वायर बॅटरीच्या पोलवर नेली नाही. बॅटरीची ऋण वायर बॉडीला जिथे आवळली आहे त्या बोल्टवर नेली. पोलवर नेली आणि इंजिनाची पट्टी पुन्हा गंजली, तर सेल्फचा करंट संगणकाच्या ऋण वायरीतून वाट काढतो. काट्याच्या चार्जरचा अर्थही त्याच बोल्टवर आणला. त्यानंतर सेल्फच्या वेळी कन्व्हर्टरच्या इनपुटवर ९.० मिळाले.

चावी, शेतातला स्विच आणि एक विचित्र लक्षण

संवेदन-वायर कुठून घ्यायची यावर बरंच अवलंबून असतं. ॲक्सेसरीवरून घेतली तर प्रत्येक सेल्फला कन्व्हर्टर समजतो की चावी काढली. फ्यूज पेटीत टेस्ट लॅम्प लावून असा फ्यूज शोधायचा जिथे ऑनलाही दिवा लागतो आणि स्टार्टलाही. तिथून फ्यूज टॅपने (फ्यूजच्या जागी बसून वेगळी वायर काढून देणाऱ्या जोडाने) १ अँपिअरची वायर.

मळ्यात इंजिन बंद ठेवून वजन चालतं, तेव्हा संगणक चालू हवा. त्यासाठी एक टॉगल स्विच दिला. हा स्विच बॅटरीचे १२ व्होल्ट सरळ संवेदन-वायरवर टाकत असेल तर ते उलटे इग्निशनच्या लाइनमध्ये शिरतात. चावी काढूनही गाडीतली अर्धी यंत्रणा जागी राहते, काही गाड्यांत इंजिन बंद होत नाही. म्हणून चावीकडून एक आणि स्विचकडून एक असे दोन १एन४००७ डायोड, करंट एकाच दिशेने जाऊ देणारे, दोघांवरची छापील पट्टी कन्व्हर्टरच्या बाजूला. ०.७ व्होल्ट कमी पोचतात, संवेदनेला चालतं.

चावी काढल्यावर कन्व्हर्टर ३० सेकंद थांबतो, मग पीसीच्या पॉवर बटणाच्या पिनांवर पल्स देतो, बंद व्हायला ९० सेकंद देतो आणि आउटपुट तोडतो. विंडोजमध्ये पॉवर बटणाचं काम शटडाउन ठेवायचं, स्लीप नाही, आणि फास्ट स्टार्टअप बंद करायचं.

जोडणी झाल्यावर एक विचित्र लक्षण दिसलं: चावी फिरवली की संगणक चालू होऊन पाच-सहा सेकंदांत स्वतःच बंद. वीज, व्होल्टेज सगळं जागेवर. जुन्या जोडणीत लाइटरला वीज आली की पीसी आपोआप उठावा म्हणून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज येताच चालू हो अशी सेटिंग केलेली होती. आता वीज आली की तो त्या सेटिंगने उठायचा, आणि कन्व्हर्टरची चालू करण्याची पल्स मागून आली की तीच त्याला बंद करायला लावायची. बायोसमध्ये वीज परत आल्यावर बंदच राहा असं ठेवलं आणि प्रश्न मिटला. पुरवठा बदलल्यावर असं काही झालं तर कन्व्हर्टर परत करायच्या आधी ही एक ओळ बघावी.

दुपारचं बंद पडणं

यात फारसं कोडं नव्हतं. बंद पडल्या पडल्या जुन्या कन्व्हर्टरवर मोजलं: इनपुटला १३.६, आउटपुटला शून्य, हीटसिंकला बोट टेकवत नव्हतं. बारा मिनिटांनी आउटपुट आपोआप परत. कन्व्हर्टर डॅशबोर्डच्या आत, इंजिनाच्या पत्र्याला चिकटून बसवला होता. बाहेर ४३ अंश आणि काचा बंद असताना तिथे काय होत असेल ते सांगायला नको. पुष्कळ कन्व्हर्टर ५० अंशांच्या वर पूर्ण लोड घेत नाहीत, आणि आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. नवा कन्व्हर्टर सीटमागे, जमिनीच्या पत्र्याला थेट स्क्रूने, हीटसिंकच्या पट्ट्या उभ्या. लोडच्या दुप्पट क्षमतेचा घेतला तोही याचसाठी. पावसाळ्यात जिथे चिखलाचे बूट टेकतात ती जागा तेवढी टाळली.

आखाजीचे तीन दिवस

ऋण क्लॅम्प काढून मध्ये मीटर, १० अँपिअरच्या सॉकेटवर. दारं बंद, वीस मिनिटं थांबून आकडा घेतला. मीटर मध्ये असताना चुकूनही सेल्फ मारायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो. मिळाले ०.४७ अँपिअर. राउटरचा फ्यूज काढला तर ०.०९, स्क्रीन सोडवली तर ०.०३. शेवटचा आकडा गाडीचा स्वतःचा, तो रास्त आहे. दिवसाला ११ अँपिअर-अवर, तीन दिवसांत ३४. ही गाडी दिवसभर पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या मारते, बॅटरी कधी काठोकाठ भरत नाही, त्यामुळे चौथ्या दिवशी सेल्फ नुसता टक् करणार हे ठरलेलं. दोन्ही वस्तू इग्निशनच्या मागे गेल्यावर उभ्या गाडीचा आकडा ०.०४.

टॉगल स्विच विसरून चालू राहिला तर? त्यासाठी कन्व्हर्टरचा कमी-व्होल्टेजचा कटऑफ असतो, पण कारखान्यातून तो बहुधा ११ च्या आसपास ठेवलेला येतो. साडेतीन अँपिअरच्या हलक्या लोडवर बॅटरी ११ ला आली म्हणजे सेल्फसाठी काही उरलेलं नसतं. इथे तो १२.० वर, ६० सेकंदांच्या विलंबाने ठेवला. विलंब नसेल तर सेल्फचा प्रत्येक झटका कटऑफ पाडेल.

मालकाचा शेवटचा प्रश्न होता की संगणकासाठी दुसरी बॅटरी टाकायची का. हिशोब केला. ७५ अँपिअर-अवरपैकी ३० टक्के वापरायचे ठरवले तर २२ मिळतात. चालू लोड ३.४ अँपिअर, म्हणजे इंजिन बंद ठेवून साडेसहा तास. एका मळ्यावर वजन दोन-अडीच तासांत उरकतं आणि मग गाडी पुढच्या मळ्याकडे निघते. दुसरी बॅटरी टाकली नाही.